नात्याचा रकाना

सावळीराम शिपायानं पोस्टकार्ड वाचलेलं आहे, हे इनायतला तो टेबलापाशी यायच्या आधीच कळलं. एरवी तो टपाल लांबूनच टाकून पुढं जायचा. आज जवळ आला, कार्ड अलगद ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाला की आईसाहेबांचं काही बरं दिसत नाही, अर्धी रजा टाका. मोजणी कचेरीत तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. इनायतच्या पुढं दिंडोरीकडच्या एका गावाचा नकाशा टाचण्या लावून पसरलेला होता आणि त्यावर तो ओढ्याची निळी रेघ ओढत होता. रेघ अर्ध्यावर सोडली की जोड दिसतो, म्हणून त्यानं ती आधी शेवटापर्यंत नेली, लेखणी पुसली आणि मग कार्ड उचललं. गुलशन आरोग्यभवन, गंगापूर रस्ता, नाशिक. आपल्या मातोश्री मालनबाई गोटीराम यांची येथे राहण्याची तीन महिन्यांची मुदत फाल्गुनअखेर संपत आहे. प्रकृतीत सुधारणा नाही. तरी मुलगा या नात्याने येऊन त्यांना घेऊन जाण्याची व्यवस्था करावी. खाली डॉक्टर गायधनींची सही होती. इनायतनं कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. इनायत रहेमान, वय त्रेचाळीस, राहणार दूधबाजार. आणि त्याची आई मालनबाई. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वर केली नाही, पण त्याची लेखणी थांबलेली होती.

त्याची आई गुलजारबी तो जन्मला त्याच दिवशी गेली. तिची एकही तसबीर नव्हती. फक्त एक जांभळी ओढणी होती, ती मोठा भाऊ सलाउद्दीन हैद्राबादला घेऊन गेला होता. मालनबाई ही बागेतल्या गोटीराम माळ्याची बायको. गुलजारबी गेली त्याच आठवड्यात मालनबाईचं तान्हं मूल गेलं होतं, एवढंच इनायतला ठाऊक होतं. वडिलांनी, रहेमानमियांनी, गोटीरामला बोलावून विचारलं होतं, आणि गोटीरामनं घरी जाऊन तिला विचारलं होतं, आणि ती पदर डोक्यावर घेऊन मागच्या दारानं आली होती. तिच्या माणसांनी या गोष्टीपायी दोघांना वर्षभर पंगतीबाहेर ठेवलं. हे सगळं इनायतनं तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं. त्याला स्वतःला आठवायचं ते वेगळंच: ओल्या मातीचा आणि शेवंतीचा मिळून एक वास, जो तिच्या लुगड्याला असायचा, आणि तिच्या तळहातावरची खरखर, कपाळावरून फिरली की झोप यायची. वडील कधीमधी गमतीनं नव्हे, अगदी गंभीरपणे म्हणायचे की जिचं दूध प्यायलं ती आईच, आमच्या मजहबात हे लिहिलेलं आहे. पण ते म्हणायचे दिवाणखान्यात, आणि मालनबाई दिवाणखान्यात कधी आली नाही. मागच्या दारातून आत यायची ती दोन वर्षं, मूल अंगावरून तुटेपर्यंत. नंतर ती पुन्हा बागेतली मालनबाई झाली.

घरी जाताना तो दूधबाजारातून नेहमीच्याच वाटेनं गेला, नेहमीच्याच माणसांना सलाम केले, आणि प्रत्येक सलामाबरोबर खिशातलं कार्ड छातीला टोचत राहिलं. पाच वर्षं तो गंगापूर रस्त्यानं गेला नव्हता. सोमेश्वरला कचेरीतली मंडळी सहलीला निघाली तेव्हा त्यानं पोटदुखीचं निमित्त केलं होतं. पाच वर्षांपूर्वी सलाउद्दीननं हैद्राबादेहून कळवलं की बंगला आणि बाग आता कोणाच्यानं सांभाळवत नाही, क्षयाच्या रोग्यांसाठी एक मंडळ जागा शोधतं आहे, अब्बांच्या नावानं देऊन टाकू. इनायतनं हरकत घेतली नाही. दानपत्राला नकाशा जोडायचा होता आणि नकाशे काढणं हे तर त्याचं कामच. एका रविवारी त्यानं साखळी धरून बाग मोजली आणि कचेरीतल्या चांगल्या कागदावर सुरेख नकाशा काढला: बंगला, विहीर, विहिरीपासून पेरूच्या ओळींपर्यंत सरळ जाणारा पाट, अंबराई, आणि खालच्या अंगाला माळ्यांच्या सहा खोपटी. खोपट्यांवर लाल शाईनं त्यानं लिहिलं, ‘काढून टाकणे’. मंडळाची तशी अट होती. मालनबाई तेव्हा विधवा होऊन चार वर्षं झाली होती. मी स्वतः येऊन तुला सांगेन, तुझी सोय लावून देईन, असं तो तिला म्हणाला होता. मग तो गेला नाही. निरोप दुसऱ्याकडून गेला. ती नदीपल्याड मखमलाबादेला पुतण्याच्या मळ्यात राहायला गेली, असं पुढं कुणीतरी सांगितलं. एकट्या बसलेल्या वेळी त्याला कधीकधी ती लाल अक्षरं दिसायची. फार वळणदार निघाली होती.

रविवारी त्यानं टांगा केला. बायकोला, माजिदाला, त्यानं कचेरीचं काम म्हणून सांगितलं. वळणावर टांगा सोडून तो पायी निघाला, कारण टांगेवाला त्या फाटकापर्यंत यायला तयार नव्हता; आसपासची माणसं आता त्या जागेला खोकल्याचा बंगला म्हणत होती. फाटकाचे दोन दगडी खांब तेच होते. आत शिरताना त्याच्या नाकानं आपोआप जुना वास शोधला, दुपारी तापलेल्या पेरूच्या पानांचा, आणि त्याऐवजी फिनेलचा भपकारा आला. बंगल्याला बाहेरून चुना दिला होता. वडिलांच्या वेळचा फिकट निळा रंग फक्त कमानींच्या आतल्या बाजूला, जिथं कुंचला पोचला नाही तिथं, नखाएवढा शिल्लक होता. हवा खेळावी म्हणून दिवाणखान्याच्या रंगीत काचा काढून टाकल्या होत्या. लहानपणी त्या काचांमधून सकाळी फरशीवर तांबडे-हिरवे चौकोन पडायचे आणि सलाउद्दीन आणि तो एका पायावर त्यांतून उड्या मारायचे; हिरव्यावर पाय पडला की बाद. आता फरशीवर पांढरं, सारखं ऊन होतं आणि त्यात औषधांची कपाटं उभी होती. वडील लोडाला टेकून बसायचे त्या जागी वजनाचा काटा होता. एक तरुण मुलगी त्यावर चढून, श्वास रोखून, काटा कुठं थांबतो ते बघत होती. बाहेर ओट्यावर आरामखुर्च्यांतून रोगी उन्हाला बसलेले, प्रत्येकाच्या शेजारी थुंकायला झाकणाचा डबा. कोणी बोलत नव्हतं. पण इनायतला वाटलं की घर त्याच्या आठवणीतल्यापेक्षा कमी उदास आहे. त्याच्या आठवणीत शेवटची वर्षं होती, बंद दारांची, जाळ्यांची. इथं निदान माणसं होती आणि त्यांना बरं व्हायचं होतं.

डॉक्टर गायधनी थकलेले, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी इनायतची टोपी पाहिली, कार्डाकडं पाहिलं, पण काही विचारलं नाही. बाई मार्गशीर्षात अंगात ताप असताना नदी उतरून चालत आल्या आणि फाटकाशी बसून राहिल्या, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही फुप्फुसं गेली आहेत. ही जागा बऱ्या होऊ शकणाऱ्यांसाठी आहे, चाळीस खाटा आहेत आणि बाहेर साठ नावं थांबलेली आहेत, म्हणून तीन महिन्यांचा नियम. त्यांना वाईट वाटतं, पण नियम त्यांनीच केला आहे. इनायतनं सांगायचं ठरवलं होतं की मी तिचा मुलगा नव्हे, काहीतरी लिहिण्यात चूक झाली आहे. त्याऐवजी त्यानं विचारलं की नोंद करताना ती काय म्हणाली होती. डॉक्टरांनी वही उघडून नात्याच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि किंचित हसले. कारकुनानं विचारलं होतं, पोटचं कोणी आहे का. तर बाई म्हणाल्या, ‘पोटचं नाय, दुधाचं हाय.’ असा रकाना वहीत नव्हता. कारकुनानं मुलगा लिहिलं.

ती वरच्या व्हरांड्यात होती. जिन्यावरून चढताना इनायतच्या मनात आलं की या जिन्यावर तिचा पाय तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पडला असेल. तिचं अंग गोधडीखाली जवळजवळ दिसतच नव्हतं. केस विरळ झाले होते, गाल आत गेले होते, फक्त डोळे तेच, बारीक, काहीतरी मोजत असल्यासारखे. त्यानं मनाशी जुळवून आणलेलं सगळं बोलणं जिन्यातच राहिलं.

‘ये,’ ती म्हणाली. ‘टोपी काढू नको. वरती वारं लय हाय.’

तिनं तक्रार केली नाही. पाच वर्षांबद्दल एक शब्द काढला नाही, आणि त्यामुळं त्याला बसल्या जागी खुर्चीची वेताची वीण मोजावीशी वाटली. तिनं त्याच्या मुलांची नावं विचारली आणि पुन्हा विचारली. मग हात बाहेर काढून कठड्याच्या पलीकडं दाखवलं आणि म्हणाली की चाळीस वर्षं या बागेत वाकून काम केलं, पण बाग अशी दिसते हे तिला माहीतच नव्हतं. खाली असताना एक वाफा संपला की दुसरा वाफा, एवढंच. कोणतं झाड कोणत्या झाडाच्या ओळीत आहे, हे आता कळतंय. इनायतनं पाहिलं. मोजणीचा तो रविवार सोडला तर त्यानं ती बाग जन्मभर वरूनच पाहिली होती, याच कठड्याला टेकून; वडील इथं संध्याकाळचा चहा घ्यायचे, मोट थांबलेली असायची, पाटाला सोडलेलं पाणी शेवटच्या ओळीपर्यंत पोचून वास वर यायचा, आणि खाली पेरूच्या झाडांतून माणसांची फक्त डोकी हलताना दिसायची. त्यातलं एक डोकं तिचं असायचं. हे त्याला आजच सुचलं.

‘तो पाट बघ,’ ती म्हणाली. ‘मी त्याच्यावरनं रोज चालले. मला वाटायचं सरळ हाय. पेरूपाशी वाकडा हाय.’

खरंच, पेरूच्या पहिल्या ओळीच्या अलीकडं पाट हातभर बाजूला वळून पुन्हा जागेवर येत होता. इनायतला गंमत वाटली. आपण नकाशात तो पट्टीनं सरळ ओढला होता. साखळीनं मोजताना एवढा फरक लक्षातही आला नाही. तो म्हणाला की खडक लागला असेल, पाणी उताराला वळवावं लागतं. ती वळणाकडंच बघत राहिली. मग त्यानं मुदतीचं काढलं, पुतण्या भिमाजीला निरोप धाडतो म्हणाला, मखमलाबादेला तिची नीट सोय व्हावी म्हणून. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली की गुरुवारी पाट सुटतो. त्या दिवशी राहू दे, मग कुठंही ने.

घरी येऊन त्यानं माजिदाला सगळं सांगितलं, कारण तिनं त्याच्या कोटाला फिनेलचा वास ओळखला होता. ती घाबरली ते मुलांसाठी. कोट बाहेर अंगणात टाकायला लावला, त्याला न्हायला लावलं. क्षयाचं माणूस घरात आणायचं नाही, हे तिनं तीनदा बजावलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. तीन खोल्यांत सहा माणसं राहत होती. रात्रीचं जेवण झाल्यावर ती बराच वेळ पोळ्यांचं फडकं घड्या घालत बसली. मग तिनं त्याच्याकडं न बघता विचारलं की दानपत्रात आपल्या घरासाठी राखलेली खाट आहे, ती अजून रिकामीच आहे ना. इनायतला धक्का बसला, कारण ती खाट म्हणजे या घरात कधी न उच्चारायची गोष्ट होती. सलाउद्दीननं अट घातली होती: दात्याच्या कुटुंबातल्या माणसासाठी पूर्वेकडच्या खोलीत एक खाट कायमची, मुदतीशिवाय. अब्बांचं घर, त्यात आपला हक्क राहिला पाहिजे, असं तो म्हणाला होता; पण क्षयाच्या दवाखान्यातला हक्क कोणाला हवा होता? माजिदा तो विषय निघाला की मुलांवरून मीठ ओवाळायची. तिथं दर आठवड्याला चादर बदलायचे, असं ऐकिवात होतं, आणि त्यावर कोणी झोपत नव्हतं.

‘तिच्या दुधावर तुम्ही जगलात,’ माजिदा म्हणाली. ‘मग ती माझी सासूच झाली. सासूला घरात घेत नाही म्हणून मला आधीच गुन्हा लागतोय. निदान ती तुमची आई आहे, ते तरी लिहून द्या.’

लिहून द्यायचं, एवढंच. पण त्या रात्री आणि पुढचे तीन दिवस कचेरीत नकाशावर वाकलेला असताना इनायत त्या एका ओळीभोवती फिरत राहिला. सावळीरामनं कार्डाची गोष्ट कोणाकोणाला सांगितली होती कोण जाणे. शेजारचा कारकून आता फार अदबीनं बोलायला लागला होता. लिहून दिलं की ते मंडळाच्या सभेत वाचलं जाणार, शहरभर होणार. मशिदीत काय म्हणतील हा एक भाग. खरी भीती दुसरी होती, आणि ती त्यानं स्वतःशी उशिरा कबूल केली. आई म्हणून लिहायचं म्हणजे मग ती लाल अक्षरं आपण आपल्या आईच्या खोपट्यावर लिहिली होती. माळीण म्हणून ती होती तोवर ते फक्त वाईट होतं.

गुरुवारी अर्धी रजा टाकून तो गेला. पाट सुटला होता. ती उशीला टेकून बसली होती आणि अक्काबाई, तिथली परिचारिका, तिला धरून उभी होती. विहिरीपासून पाणी निघालं, मातीत काळं होत होत पुढं सरकलं, पेरूंपाशी आलं, हातभर वळलं, आणि पुन्हा सरळ गेलं. मालनबाई बघत राहिली. अक्काबाई गेल्यावर तिनं त्याला सांगितलं, अगदी साध्या आवाजात, जसं एखादी कुठं काय पेरलंय ते सांगते. त्या वळणाच्या पोटात तिची मुलगी होती. अकरा दिवसांची. नाव ठेवायचं बारावं व्हायच्या आत गेली. पहाटे गोटीरामनं खड्डा केला आणि पुरलं. त्यावर एक काळा दगड होता, नंतर तोही मातीत गेला. त्याच दिवशी दुपारी दिवाणखान्यातून बोलावणं आलं. तेव्हा पाट तिथून जातच नव्हता. पेरू पुढं सहा-सात वर्षांनी लावले, तेव्हा गोटीरामनं पाट खणला. ती पुढं तीस वर्षं त्या पाटाच्या काठानं चालली. पोरगी इथंच कुठंतरी आहे एवढं पायाला माहीत होतं.

‘त्यानं पाट वळवला,’ ती म्हणाली. ‘पोरीवरनं पाणी जाऊ नाय म्हणून. मला कधी बोलला नाय. मी समजायची इसरला.’

इनायत कठड्याशी उभा राहिला. गोटीराम त्याला आठवला तो पाठमोरा, उघड्या पाठीवर घामाच्या मिठाच्या रेघा, कधीच न बोलणारा. त्यानं कधी या पोराकडं नीट पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि इनायतला लहानपणी त्याची भीती वाटायची. आज त्याला वाटलं, त्या माणसानं बायकोला स्वतः विचारलं होतं, दूध पाजशील का. पहाटे खड्डा करून आलेल्या हातांनी. खाली पाणी वळणावरून वाहत होतं. त्यानं मोजलेल्या, कागदावर उतरवलेल्या, सही करून दिलेल्या साडेअकरा एकरांत ही हातभर जागा नव्हती. ताप घेऊन ती नदी उतरून का आली, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं राखीव खाटेचं सांगितलं, पूर्वेच्या खोलीतूनही पेरू दिसतात म्हणाला, आणि मग अडखळत म्हणाला की त्यासाठी काय लिहून द्यावं लागेल. तिला समजायला वेळ लागला नाही. भिमाजी आणि बाकीची माणसं काय म्हणतील, तिला बाटलेली म्हणतील, मेल्यावर उचलायला येणार नाहीत, हे तिनंच त्याला समजावलं. मग खोकल्याची उबळ आली आणि ती ओसरेपर्यंत तो तिची पाठ धरून राहिला. हाडं हाताला लागत होती.

‘लिही,’ ती म्हणाली. ‘आता कोण काय म्हणंल ते ऐकत बसायला मी किती दिस हाय?’

मंडळाचे सेक्रेटरी वकील होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि दूधआई हे नातं कायद्यात कुठं बसतं, असं विचारलं. इनायतनं सांगितलं की सरकारी कायद्याचं मला ठाऊक नाही, आमच्या शरियतीत बसतं. एका आईचं दूध प्यायलेली मुलं बहीणभाऊ होतात, त्यांचं लग्नसुद्धा होत नाही. सेक्रेटरींनी तसं कोणाकडून लिहून आणायला सांगितलं, शिवाय थोरल्या भावाची संमती. काझींनी चार ओळी उर्दूत लिहून दिल्या, न विचारता, न हसता. इनायतनं त्याखाली मराठी तर्जुमा आपल्या नकाशावरच्या अक्षरात काढला. हैद्राबादेहून सलाउद्दीनचं उत्तर यायला बारा दिवस लागले. त्यानं लिहिलं होतं की दूध तिनं तुला पाजलं, मला नाही, तेव्हा सही तुझी तू कर. पण तू आजारी पडलास की ती दारात येऊन बसायची आणि अब्बा तिला आत बोलवायचे नाहीत, हे मी पाहिलंय, तेवढं मंडळाला खुशाल सांग. सेक्रेटरींना ही संमती वाटली की नाही, कळलं नाही. चैत्रात मालनबाईची खाट पूर्वेच्या खोलीत गेली. पहिल्या दिवशी ती चादरीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली की या खोलीत तू झोपायचास, दिवा इथं असायचा, खालून दिसायचा.

उन्हाळा आणि पावसाळा, दर रविवारी तो गेला. माजिदा त्याच्याबरोबर फाटकापर्यंत दोनदा आली, आत आली नाही, पण कपडे पाठवायची. इनायतच्या आयुष्यात इतकं बोलणं कोणाशी झालं नव्हतं, आणि त्यातलं बरंचसं बोलणं झाडांविषयी होतं. कोणता आंबा कोणाच्या हातचा, कोणत्या साली विहीर आटली, प्लेगात सगळं शहर बागेत येऊन झोपड्या घालून राहिलं तेव्हा कोणत्या लिंबाखाली कोण मेलं. कधी ती त्याच्या आईविषयी सांगायची. गुलजारबी संध्याकाळी गच्चीवर यायच्या आणि खाली मोगरा खुडणाऱ्या बायकांशी हातानंच बोलायच्या, कारण त्यांना मराठी येत नव्हतं. दोघी एकाच वेळी अवघडलेल्या होत्या. एकदा गुलजारबींनी वरून आपल्या पोटाकडं आणि मग तिच्या पोटाकडं बोट दाखवलं होतं आणि दोघी हसल्या होत्या. त्रेचाळीस वर्षांत इनायतला आईविषयी मिळालेली ही पहिली गोष्ट होती, जी ओढणीसारखी दुसऱ्या कोणाकडं नव्हती. एकदा त्यानं कचेरीतून कागद नेला आणि तिच्या सांगण्यावरून बागेचा दुसरा नकाशा काढला. खोपटी काळ्या शाईनं काढली, कोणतं कोणाचं ते लिहिलं. पाट वळवला. तो मंडळाला द्यायचा नव्हता. लाल अक्षरांबद्दल त्यानं त्याच दिवशी तिला सांगितलं. ती म्हणाली की तिला वाचता येत नव्हतं, पण रंग कळला होता. खोपटी पाडायला आलेल्या माणसांनी नकाशा खोपट्यापुढं धरला होता, तेव्हा तिनं अक्षर कोणाचं ते विचारलं होतं. पाऊस पडत होता आणि पेरूंवर सारखा आवाज येत होता.

श्रावणात तिचा ताप उतरेनासा झाला. भाद्रपदात गणपती उठल्यानंतर पाचव्या दिवशी ती गेली. भिमाजी आणि मखमलाबादेची चार माणसं आली, तोंडं गंभीर, काहीशी संकोचलेली. आली हे खरं. त्यांनी तिला नदीवर नेलं. इनायत मागून चालला आणि त्यांनी सांगितलं तिथं, वाळूत जरा लांब, उभा राहिला. भिमाजी नंतर जवळ आला आणि रडू आवरत एवढंच म्हणाला की चुलती शेवटी समाधानी होती, आम्हाला तेवढं पुरे. इनायत घरी आला, न्हाला, जेवला. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेला. सावळीरामनं त्याला पाहिलं आणि त्या दिवशी टपाल टेबलावर ठेवून तो तसाच निघून गेला.

पण हे सगळं नंतर जसं झालं तसं झालं. इनायतच्या मनात राहिला तो त्याआधीचा रविवार. दुपार होती. खोलीबाहेर आरोग्यभवनाचे दोन माठ असत, एक हिंदूंचा आणि एक मुसलमानांचा, दोन्हींवर पितळी पेले उपडे घातलेले. राखीव खाट वहीत दात्याच्या घरची म्हणून लिहिलेली, तर तिला कोणत्या माठाचं पाणी द्यायचं, हा घोळ पहिल्याच दिवशी पडला होता, तेव्हा अक्काबाईनं गुपचूप हिंदूंच्या माठातून पाणी द्यायला सुरुवात केली होती आणि कोणी विचारलं नाही. त्या दुपारी अक्काबाई खाली गेली होती. मालनबाईचे ओठ सुकून चिरले होते. तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. इनायत बाहेर गेला, हिंदूंच्या माठापाशी थांबला. त्याचा हात त्या माठाला लागला असता तर सगळ्या मजल्याचं पाणी ओतून द्यावं लागलं असतं. तो तसाच परत आला आणि म्हणाला, अक्काबाईला हाक मारतो, क्षणभर दम धर. तिनं मान हलवली. उशाशी त्याचा डबा होता आणि डब्याबरोबर माजिदानं घरून भरून दिलेली सुरई. तिनं त्या सुरईकडं बोट केलं.

त्याला वाटलं तिला तापात कळत नाही. तो म्हणाला, हे आमच्या घरचं आहे. आणि हे शब्द तोंडातून बाहेर पडताना त्याला पहिल्यांदाच लक्षात आलं की दोन वर्षं या घरात येऊन तिनं त्याला पाजलं, भर वैशाखात, घाम निथळत. आणि त्या दोन वर्षांत या घरचा पाण्याचा थेंब तिनं तोंडाला लावला नव्हता. पाजून झालं की ती मागच्या दारानं उतरून खोपट्यात जायची, आपल्या घागरीतलं पाणी प्यायची, आणि पुन्हा यायची.

‘कळतंय मला,’ ती म्हणाली. ‘ओत.’

त्यानं तिची मान हातावर घेतली आणि पेला ओठांना लावला. ती सावकाश प्यायली, मध्ये दोनदा थांबून, डोळे त्याच्या तोंडावर ठेवून. पेला रिकामा झाला तेव्हा तिच्या हनुवटीवरचं पाणी त्यानं तळहातानं पुसलं.

‘गार हाय,’ ती म्हणाली. ‘अजून दे.’